मंडईच्या दिवशी कुलूप

लोकेंद्रने वर्षभराची बिलं तारेतून काढून सपरीत, म्हणजे पुढच्या ओसरीत, सतरंजीवर पसरली, तेव्हा कुंता खांबाला टेकून लाखोरीची डाळ निवडत होती. तिने मान वर केली नाही. भाऊबीज कालच झाली होती आणि दिवाळीच्या तळणीचा वास अजून तिच्या पदराला होता. किराण्याच्या बिलांत नवीन काय निघणार? तेल गेलं म्हणजे तेल गेलं. खाणारी तोंडं घरचीच.

गेल्या दिवाळीत या घरात वाटणीची भाषा झाली आणि कशीबशी मिटली, तेव्हापासून धाकट्या दिराने खर्चाचा छडा लावायचं मनावर घेतलं होतं. अर्जुनीच्या पतसंस्थेत नोकरीला असलेल्या माणसाला घरही पतसंस्थेसारखं दिसतं. भिंतीला खिळा, खिळ्याला तार, आणि दुकानातून पिशवी आली की आधी बिल तारेत खोचायचं, मग पिशवी रिकामी करायची. तेलाच्या पिप्यावर तो खडूने रेघ मारायचा. त्या रेघेचा कुंताला भारी राग होता. लग्न होऊन आल्यापासून, बावीस वर्षं, ती या चुलीपुढे होती आणि तिच्या हाताखालच्या भांड्यावर कोणी रेघ मारली नव्हती. पण या साली तिची दुर्गेश्वरी नागपूरला नर्सिंगला लागली. होस्टेलची फी वर्षातून दोनदा भरायची होती. पहिली भरली, दुसरी संक्रांतीच्या आत भरायची होती आणि कुठून भरायची ते कोणालाच माहीत नव्हतं. मग राग गिळावाच लागला.

"भाऊ, हे पाहा," लोकेंद्र रेवारामला म्हणाला. "साखर कमी केलो. चायपत्ती कमी केलो. तरी आकडा हालून नाही राहिला. काऊन? त हे पाहा. मंडईचा दिवस न त्याचा आदला. या दोन दिवसांत दोन महिन्यांचा किराना जाते."

"मंडई आहे. किराना जाइनच," रेवाराम म्हणाला. घरातला मोठा भाऊ, कुंताचा नवरा. बिलांकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही.

"तेच त म्हनून राहिलो. पोरीची फी निघते त्यात."

पोरीची फी ही रेवारामचीही दुखरी नस होती. पण मंडई म्हणजे मंडई. भाऊबीज सरली की या भागात गावोगाव मंडया भरतात, आज या गावाची तर परवा त्या गावाची. दिवसा दंडारीचा नाच, रात्री नाटक, उसाच्या मोळ्या, शिंगाड्यांचे ढीग, बांगड्यांची दुकानं आणि घरोघर पाहुणे. मंडईचं आवतण कोणी देत नाही. त्या दिवशी पाहुणा येतो, जेवतो, जमल्यास कोणाची तरी सोयरीक जुळवतो आणि जातो. ज्याच्या दाराशी चपला जास्त, त्याची इज्जत जास्त. त्या चपलांच्या मागे चुलीपुढे कोण वाफेत उभं असतं, हे इज्जतीच्या हिशेबात धरत नाहीत.

"तुले का वाटते मंग?" रेवारामने शेवटी विचारलं.

"या साली आपन मंडईले घरी राहूच नाही. सकाळी कुलूप लावू न नवेगावबांधच्या तलावावर जाऊ. संध्याकाळी वापस."

"येडा झाला का बे? पाहुने येतीन त?"

"येतीन, कुलूप पाहतीन, दुसऱ्या घरी जातीन. भाऊ, तुमीच सांगा, या गावात असा एक तरी पाहुना आहे का, ज्याले आपलंच एक घर आहे? दुधराम मामा टेकचंदकडं जेवतीन. खालच्या टोलीचे जागेश्वरकडं जातीन. कोनी उपाशी मरत नाही."

रेवाराम डोळे बारीक करून एकेक पाहुणा मनात घेऊ लागला आणि त्याला दुसऱ्या कोणाच्या तरी दारात नेऊन बसवू लागला. प्रत्येकाला दार सापडलं. हे त्याला आवडलं नाही, पण खोटंही म्हणता येईना.

"मंग आधी फोन करून सांग सगळ्याइले."

"का सांगू? येऊ नका म्हनून? तुमी सांगता?"

असा फोन कोण करणार? तोंडाने 'येऊ नका' म्हणण्यापेक्षा कुलपाने म्हटलेलं बरं, यावर दोघं भाऊ न बोलताच एक झाले.

इतका वेळ चंचल दारात उभी राहून ऐकत होती. ती लोकेंद्रची बायको, गोंदिया शहरातली, बारावीपर्यंत हिंदी शाळेत शिकलेली. काटकसरीच्या गोष्टीत ती नवऱ्याच्या बाजूने उभी राहील असं सगळ्यांनीच धरलं होतं.

"अरे, ये क्या बात हुई?" ती म्हणाली. "मंडईच्या दिवशी घराला ताला? लोग क्या बोलेंगे? माझ्या मम्मीला समजलं तर मी काय सांगू?"

"तुझ्या मम्मीले कोन सांगून राहिलं?" लोकेंद्र.

"अख्खी मंडई सांगेल. दीदी, तुम्ही बोला ना काहीतरी!"

चंचलला वाटलं, मोठी जाऊ आता सूप आपटून उठेल. बावीस मंडयांची इज्जत तिच्या हातची होती. रेवारामलाही तसंच वाटलं, आणि खरं तर तो त्याचीच वाट पाहत होता. कुंताने सुपातला एक खडा उचलून अंगणात टाकला.

"जाऊ," ती म्हणाली.

"का म्हनली?"

"जाऊ म्हनली. पोरीची फी भरा लागते."

पोरीची फी खरीच होती. पण त्याच्या खाली आणखी एक कारण होतं, आणि ते सांगायची तिला लाज वाटत होती. ती थकली होती. अशी थकली होती, की मंडई जवळ आली की तिला पाहुण्यांच्या वड्यांची डाळ स्वप्नात दिसायची, आणि ती वाटता वाटता जाग आली तरी हात दुखतच असायचे. एक मंडई तिला झोपून काढायची होती. एवढंच. रेवारामने बायकोकडे अशा नजरेने पाहिलं, जणू ही बाई त्याने पहिल्यांदाच पाहिली.

*

मंडईच्या सकाळी दंडारीचा ढोल वाजायच्या आत ते मागच्या गल्लीने निघाले. लोकेंद्र आणि चंचल मोटरसायकलवर, रेवाराम आणि कुंता एसटीने. एवढं लपून निघूनही शेजारची देवकाबाई सडा टाकता टाकता दिसलीच.

"मंडईच्या दिवशी कुठी चालले, रेवाराम?"

"काम निघालं, काकू. कोर्टाचं."

कोर्ट त्या दिवशी बंद होतं. देवकाबाई बादली हातात धरून, ते वळणापर्यंत जाईतो, तिथेच उभी राहिली. रेवारामच्या पाठीला ती नजर बसमध्येही टोचत होती.

नवेगावला तलावाच्या काठी एका मोहाच्या झाडाखाली त्यांनी सतरंजी अंथरली. घरून आणलेल्या पोळ्या आणि आलूची भाजी खाल्ली. चंचल अजून फुगलेली होती, म्हणून लोकेंद्रने तिला नावेत बसवून आणलं, आणि नावेचं तिकीट चुपचाप वरच्या खिशात घातलं. ते पाहून चंचलला हसू आलं, आणि हसू आल्याचा रागही आला.

कुंता जेवल्याबरोबर आडवी झाली आणि पदर तोंडावर घेऊन झोपली.

रेवाराम पाण्याकडे तोंड करून बसला. धीवरांच्या डोंग्या दूरवर हळूहळू सरकत होत्या. करायला काही नव्हतं, म्हणून तो पुन्हा पाहुण्यांना घरं देऊ लागला. दुधराम मामा टेकचंदकडे. खालच्या टोलीचे जागेश्वरकडे. केशोरीचे साळे त्यांच्या मावशीकडे. सगळे बसले, सगळ्यांच्या पुढे पान आलं. मग त्याला एक जण उभाच दिसला.

"लोकेंद्र," तो म्हणाला. "भागी आली त?"

भागीरथा त्यांची बहीण, दोघांच्या मधली; लोकेंद्र तिला बाई म्हणायचा. तिरोड्याच्या पलीकडे दिलेली.

"बाई कुठची येते? चार साल झाले, भाऊबीजेले नाही आली न मंडईले नाही. सासूले सोडून निंघता येत नाही तिले."

"सासू उन्हाळ्यात वारली ना बे."

लोकेंद्रचा हात खिशाकडे गेला. तेरवीला तो स्वतः गेला होता. साखर, चहा, तेल, सगळं त्याच्या ध्यानात होतं, आणि बहीण आता मोकळी झाली एवढंच नव्हतं. त्याने फोन लावला. फोन लागत नव्हता. पुन्हा लावला. तिरोड्याहून गोंदिया एक गाडी, गोंदियाहून अर्जुनी दुसरी, तिथून काळीपिवळी जीप. ती निघालीच असेल तर आता दारात असेल.

"चला मंग भाऊ. वहिनीले उठवा."

रेवाराम उठवायला वाकला. कुंताच्या तोंडावरचा पदर बाजूला झाला होता आणि ओठ जरासे उघडे होते. इतक्या वर्षांत त्याने हिला दिवसाउजेडी झोपलेली पाहिली नव्हती. बाळंतपणातही नाही. त्याला एकदम वाईट वाटलं, बहिणीचं आणि हिचं, दोघींचं एकाच वेळी, आणि त्यातलं आधी कोणाचं पाहावं ते त्याला ठरवता येईना.

"झोपू दे थोडी," तो म्हणाला.

"भाऊ, बाई..."

"नसन आली ती. झोपू दे म्हनलो ना."

मग तो तिथेच बसला, आणि कुंता आपोआप उठेपर्यंत त्याने पाण्याकडे पाहिलं नाही, की लोकेंद्रकडेही.

*

लोकेंद्रने मोटरसायकल बसच्या मागे मागेच ठेवली. एकट्याने पुढे जाऊन ते दार पाहायची त्याची हिंमत नव्हती. चौघं बरोबरच गल्लीत शिरले तेव्हा दिवस मावळत होता आणि मंडईतून पिपाण्या वाजवत पोरं घरी चालली होती.

धूर आधी दिसला. त्यांच्याच अंगणातून येत होता. गोठ्याच्या कडेला तीन दगडांची चूल मांडलेली होती आणि तिच्यात निखारे होते. निखाऱ्यांवर भाताचं मोठं पातेलं, देवकाबाईचा गंज, झाकण अर्धवट लावलेला. कोपऱ्यात उष्ट्या पत्रावळींचा ढीग, त्याला दोन कुत्री लागलेली. अंगण झाडलेलं होतं. घराला कुलूप होतं तसंच होतं, आणि कुलपाखालच्या पायरीवर भागीरथा बसली होती. नवं लुगडं राखेने माखलेलं, बाजूला तिची पिशवी.

"आले का?" ती म्हणाली. "पाहुने जेवून गेले. कोनी उपाशी नाही गेला."

रेवारामने किल्ली काढायला खिशात हात घातला.

"मी आली त दुधराम मामा कुलूप पाहून वापस फिरून राहिले होते. मी म्हनली, बसा मामा, भाऊ कामानं गेले न किल्ली सोबतच गेली, आंगनात पान मांडते. मंग ते पाहून बाकीचे बसले. केशोरीचे आले, खालच्या टोलीचे आले. दंडारवाले बी चाय पिऊन गेले."

"कोर्टाचं काम होतं," रेवाराम म्हणाला.

"हो. देवकाकाकू सांगतली मले." भागीरथाने भावाकडे पाहिलं नाही.

"का रांधली, बाई?" हा प्रश्न लोकेंद्रच्या तोंडून नकळत निघाला.

"भात, लाखोरीची दाळ न वांग्याची भाजी. सगळं देवकाकाकूकडचंच. तेल म्हनशील त तिच्याच घरचं दोन पऱ्या."

दोन पळ्या तेल! लोकेंद्रच्या डोक्यात आकडे आपोआप हलले. तेवढेच पाहुणे, तेच पाहुणे, आणि सगळा खर्च सहावा हिस्सादेखील नाही. त्याला क्षणभर आनंद झाला, चांगला आतून आनंद झाला. आणि पुढच्याच क्षणी बहिणीच्या भाजलेल्या बोटांकडे लक्ष जाऊन त्याला स्वतःची किळस आली. वर्षभर बिलं तारेत खोचून जे सापडलं नव्हतं ते या बाईने कुलपाबाहेर बसून करून दाखवलं होतं, आणि त्याबद्दल तिला शाबासकी द्यायचं तोंड त्याच्याकडे नव्हतं.

"वडे नाही मांगतले कोनी?" कुंताने विचारलं.

"मांगतीन कायले? वाढली ते खाल्ले."

"कोनीच नाही?"

"कोनीच नाही, वहिनी."

कुंता हसली. ते हसू चांगलं नव्हतं. इतक्या मंडया तिने आदल्या रात्रीपासून डाळ वाटली होती, शेकड्यांनी वडे तळले होते, आणि कोणी मागतच नव्हतं! तिने वाढले म्हणून त्यांनी खाल्ले, एवढंच होतं ते. आता ती रडेल की काय असं चंचलला वाटलं, म्हणून ती मध्येच म्हणाली, "बाई, तुम्ही देवकाकाकूकडे आत तरी बसायचं ना. आराम करायचा. आम्ही आलोच असतो."

"कोनाकोनाकडं बसू?" भागीरथा म्हणाली. आवाज चढला नाही. "पाहुन्याइले या गावात दहा घरं आहेत, चंचल. मले हे एकच आहे. दुसऱ्याच्या घरी जाऊन बसली असती त मंडईभर झालं असतं, भावानं बहिनीले पाहून कुलूप लावलं. न वापस गेली असती त सासरी का सांगतली असती? चार सालानं माहेरी गेली न माहेर घरी नव्हतं?"

दहा घरं. लोकेंद्रने जमिनीकडे पाहिलं. हिशेब त्याचाच होता, आणि बरोबरही होता. फक्त एक माणूस त्यात धरायचं राहिलं होतं.

"भागी, चुकलो मी," रेवाराम म्हणाला.

"मीच सांगतलो होतो कुलूप लावाले," लोकेंद्र म्हणाला.

"मी हो म्हनली," कुंता म्हणाली.

भागीरथाने तिघांकडे आळीपाळीने पाहिलं. "चुकले त चुकले. आता उघडा. दिवा लावायची वेळ झाली."

रेवारामने कुलूप काढलं. दार उघडलं, आतला बंद घराचा वास बाहेर आला. चंचलने आत जाऊन दिवा लावला. भागीरथा मात्र पायरीवरून हलली नाही, आणि ती हलत नाही तोवर दोघा भावांनाही पुढे पाय टाकता येईना.

"आत चला ना, बाई," कुंता म्हणाली.

"थांब वहिनी. पाय उचलून नाही राहिले."

"जेवल्या का तुमी?"

"नाही."

"सकाळपासून? काऊन? भात त आहे गंजात."

"आहे." भागीरथाने तोंडावरून पदर फिरवला. "दिवसभर मीच वाढली सगळ्याइले. माहेरी आल्यावर बी आपल्याच हातानं वाढून घेऊ का?"

कुंताने आता लगबगीने आत जायला हवं होतं. बावीस वर्षांची सवय तिला आत ओढतही होती. पण तलावाकाठची ती झोप अंगात होती आणि त्या झोपेने थकवा गेला नव्हता, उलट किती आहे ते तिला कळलं होतं. ती पायरीवर नणंदेच्या शेजारी बसली.

"मले बी कोनी वाढलं नाही, बाई," ती म्हणाली. "एका बी मंडईले नाही. मी आज का म्हनून गेली, सांगू? पोरीच्या फीसाठी नाही गेली. मले झोपायचं होतं."

रेवाराम दारातच उभा होता. हे त्याने ऐकलं. दुपारी तिच्या तोंडावरचा पदर सरकलेला त्याला पुन्हा दिसला.

"झोपली मंग?" भागीरथाने विचारलं.

"झोपली. तुमी इथं रांधून राहिल्या न मी तिथं झोपली." आणि आता कुंताला खरंच रडू आलं. ती लपवायच्या भानगडीत पडली नाही.

भागीरथा तिच्याकडे सरकली. सासूच्या उशापायथ्याशी तिनेही चार वर्षं काढली होती. "मले सांगतली असती त मी आदल्या दिवशी आली असती," ती म्हणाली. "पुढच्या साली येते. वडे नाही करायचे मातर. भात, दाळ, वांगे. खातीन त खातीन."

"खातेत," कुंता नाक पुसत म्हणाली.

लोकेंद्र पुढे झाला. त्याने निखाऱ्यांवरचा गंज दोन्ही हातांनी उचलला, हात भाजला तसा खाली ठेवला, खांद्यावरचा दुपट्टा काढून पुन्हा उचलला, आणि दोघींच्या बाजूने वाट काढत आत गेला. चंचल त्याच्या मदतीला निघाली, तर "तू बस तिथं" असा त्याचा आवाज आला. आत ताटांचा आवाज झाला. एक झाकण पडलं. मग दुसरं पडलं. मग बराच वेळ काहीच नाही.

"वहिनी," आतून हाक आली. "मीठ कुठी राहते?"

पानात आधी मीठ वाढायचं असतं, एवढं त्याला ठाऊक होतं. वर्षाला या घरात मिठाचे किती पुडे येतात तेही तो झोपेतून उठवलं तरी सांगू शकला असता. कुंता सवयीने उठायला लागली. भागीरथाने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. तिने तो हात पाहिला, दारात उभ्या रेवारामला पाहिलं, आणि पाय पुन्हा लांब केले.

"शोधा, भाऊजी," ती म्हणाली.

 रेवारामने चपला काढल्या, भावाला मदत करायला तोही आत गेला, आणि दोघं मिळून डबे उघडू लागले.